संख्येच्या अटीत अडकलेल्या बोली

ग्रियर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणाचा मराठीवरचा सातवा खंड १९०५ साली निघाला. हैदराबाद संस्थान त्या पाहणीबाहेर राहिले आणि आमची हिंगोली तेव्हा निजामाकडे होती. कळमनुरी-औंढ्याकडचे आंध आदिवासी किंवा इथल्या तांड्यांवरचे बंजारा घरात कसे बोलत, हे त्यामुळे तिथे शोधून सापडत नाही.

या बोली नोंदवण्याचे काम आज करू शकतील ती इथलीच एम.ए., पीएच.डी. करणारी मुले. पण पैसा कुठला? म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थानाकडे २०१३ साली सोपवलेली केंद्राची भाषा-जतनाची योजना दहा हजारांहून कमी भाषक असलेल्या भाषांसाठी आहे. जळगाव जामोदकडची निहाली तिच्यात बसते आणि तिला पहिला मान मिळालाच पाहिजे. जगातल्या कुठल्याही भाषाकुळाशी तिचे नाते सिद्ध झालेले नाही. आंध आणि बंजारा मात्र संख्येने मोठे समाज. जनगणना तर बंजारा बोली हिंदीच्या खात्यात टाकते. डोकी भरपूर म्हणून बोली सुरक्षित, हा हिशेब मला मान्य नाही. आजी बोलते, आईला कळते, आश्रमशाळेतले पोर उत्तर मराठीत देते. बोली तुटते ती इथे.

महाज्योती, टीआरटीआय या सरकारी संस्थांच्या अधिछात्रवृत्त्या आहेत, पण त्या संशोधकाच्या पोटापाण्यासाठी. ध्वनिमुद्रणाचा खर्च निराळाच असतो. चांगला रेकॉर्डर लागतो. तासाभराचे बोलणे उतरवून, त्याची शब्दाशब्दाने फोड करायला कित्येक दिवस जातात. आणि हळद शिजवायच्या दिवसांत एखाद्या म्हातारीला गोष्टी सांगायला बसवायचे, तर तिची बुडालेली मजुरी द्यायला नको? एम.ए.च्या विद्यार्थ्याला तर यातले काहीच मिळत नाही. मग तो ग्रंथालयात बसून होणारा विषय घेतो, यात त्याचा काय दोष!

२००२ साली लंडनमध्ये सुरू झालेला आणि आता बर्लिनहून चालणारा संकटग्रस्त भाषांचा निधी उपकरणे, प्रवास आणि निवेदकांचा मोबदला देतो. साहित्य संग्रहात जमा करण्याची अटही घालतो. राज्य मराठी विकास संस्था आणि डेक्कन कॉलेज यांनी मराठीच्या बोलींची ध्वनिमुद्रणे सर्वांना ऐकायला खुली केलीच आहेत. म्हणजे राज्यात जाणकार आहेत.

मराठी ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात ठरली. त्या निमित्ताने येणाऱ्या निधीतला एक वाटा अशाच बोली-निधीसाठी नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाकडे वळवावा आणि कळमनुरीच्या आदिवासी विकास प्रकल्पाने त्यात आपली भर घालावी. अर्ज मराठीत घ्यावा, नेट परीक्षेची अट नसावी, आणि ध्वनिमुद्रणाची एक प्रत त्या गावच्या शाळेत राहावी.