आचारी आणि आचार्य

आदिलाबादेत डीटीपीचं काम करणाऱ्या एका वाचकाने पाठवलेला कागद समोर आहे. हरिनाम सप्ताहाच्या खर्चाचा हिशेब. टाइप केलं होतं 'आचाऱ्याला मजुरी', छापून आलं 'आचार्याला मजुरी'. महाराज हसले म्हणे, आचारी हसला नाही.

ज्या मुक्त प्रोग्रॅममध्ये हा कागद तयार झाला, त्याच्या बग ट्रॅकरवर वाचकाने तक्रार नोंदवली : 'मराठी नीट दिसत नाही, लवकर दुरुस्त करा.' सोबत मोबाइलने काढलेला स्क्रीनचा तिरका फोटो. चार महिने उत्तर नाही. आमच्या मते यात प्रोग्रॅम सांभाळणाऱ्याचा दोष नाही. मराठी न येणाऱ्याला दोन्ही शब्द सारखेच ठीक दिसणार.

वाचकाची फाइल आम्ही उघडून पाहिली. हा 'ऱ्या' दोन तऱ्हांनी टाइप होतो. एकीत मुळातच ऱ (युनिकोड क्रमांक ०९३१) आणि हलन्त असतो. दुसरीत साधा र (०९३०), हलन्त (०९४डी) आणि मागे न दिसणारा झेडडब्ल्यूजे म्हणजे झीरो विड्थ जॉइनर (२००डी). प्रोग्रॅम पेस्ट करताना 'अदृश्य कचरा' म्हणून तो २००डी झाडून टाकत होता. उरला तो रफार. तक्रारीत एवढंच हवं होतं : पेस्ट करण्याआधीचे क्रमांक, नंतरचे क्रमांक, आवृत्ती आणि 'यामुळे स्वयंपाकी गुरू होतो' हे एक वाक्य. फोटो नसता तरी चाललं असतं.

दुखणं कुठलं हे स्क्रीनच पुष्कळदा सांगतो. रिकामा चौकोन दिसला तर बहुधा फॉन्टमध्ये अक्षरच नाही. टिंबांचा गोल उमटला तर अक्षरजुळणी करणाऱ्या इंजिनाला तो क्रम पटलेला नाही. आधी आपलं टायपिंग तपासावं. फायरफॉक्स आणि लिब्रेऑफिस दोघेही हार्फबझ हे एकच जुळणी-इंजिन वापरतात. एकाच फॉन्टने दोन्हीकडे सारखंच बिघडलं तर फॉन्टवर किंवा हार्फबझवर संशय घ्या. एकीकडेच बिघडलं तर त्या प्रोग्रॅमवर. चुकीच्या दारात टाकलेली तक्रार महिनोन्‌महिने पडून राहते.

आदिलाबादचं नाव मुद्दाम घेतलं. याच जिल्ह्यातल्या नारनूर मंडलातल्या गुंजाळा गावी गोंडीची हस्तलिखितं मिळाली आणि जून २०१८ मध्ये युनिकोड ११ ने 'गुंजाळा गोंडी' लिपीला जागा दिली. नोटो या फॉन्टसंचात तिचा मुक्त फॉन्टही आहे. देवनागरीतली चूक कोट्यवधी लोकांपैकी कुणीतरी कधीतरी कळवतो. या लिपीतली चूक ओळखू शकणारे थोडे, आणि त्यांतले बरेच याच भागात. मात्रा भलतीकडे बसली तर ती दूर देशातल्या फॉन्टकाराला दिसणार नाही, इथल्या शिक्षकाला दिसेल.

इंग्रजी कच्चं म्हणून थांबू नका. तक्रार मराठीत, गोंडीत, तेलुगूत लिहून आमच्याकडे पाठवा, इंग्रजी आम्ही करू. क्रमांक मात्र तुम्हीच द्यायचे.