गाडी वेगवान झाली, चार्जर जुनाच राहिला

दिवाळी उलटून आठवडा झाला होता. रात्री साडेनऊच्या सुमारास महालातील माझा दवाखाना बंद करण्याच्या बेतात असताना एक गृहस्थ आपल्या चौदा वर्षांच्या मुलाला घेऊन आत आले. मुलाच्या उजव्या तळहातावर टूथपेस्टचा जाड थर होता. आजीने मायेपोटी लावलेला. फटाके तर केव्हाच संपले, मग भाजले कशाने, असे विचारताच मुलगा खाली मान घालून म्हणाला, "डॉक्टरकाका, बग्गीची बॅटरी पेटली." वडिलांनी तिथल्या तिथे निकाल दिला, "उद्याच ती गाडी भंगारात घालतो."

हात नळाखाली धरून टूथपेस्ट काढता काढता हकिकत कळली. (त्या कुटुंबाच्या परवानगीने, नावे टाळून ती येथे देत आहे.) बग्गी म्हणजे मातीच्या मैदानावर धावणारी, रिमोटवर चालणारी, खऱ्या गाडीच्या एक-दशांश आकाराची शर्यतीची गाडी. मूळ गाडीत साधी मोटार आणि 7.2 व्होल्टची निकेल-मेटल हायड्राइड बॅटरी होती. ओवाळणीचे पैसे साठवून मुलाने ब्रशलेस मोटार आणि 7.4 व्होल्टची लिथियम पॉलिमर, म्हणजे लायपो बॅटरी आणली. चार्जर मात्र जुनाच वापरला, तोही पलंगावर ठेवून. बॅटरी फुगली, धुमसू लागली. घाबरून त्याने ती उचलून गॅलरीत फेकली.

व्होल्टचे आकडे जवळजवळ सारखे दिसतात. फसगत तेथेच होते. निकेलची बॅटरी पूर्ण भरली की तिचा दाब किंचित उतरतो आणि त्या उतारावरून जुना चार्जर थांबतो. लायपोमध्ये तो उतार येतच नाही. तिचा प्रत्येक सेल 4.2 व्होल्टला, म्हणजे दोन सेलची बॅटरी 8.4 व्होल्टला थांबवावी लागते. चार्जरला हे ठाऊक नसेल तर तो वीज ओततच राहतो. एक औषध बदलले की सोबतची औषधेही पुन्हा तपासावी लागतात, हे आम्ही रुग्णांना रोज सांगतो; येथेही तोच न्याय.

म्हणून गाडी सुधारण्याचा क्रम महत्त्वाचा. सर्वांत आधी मोटार नव्हे, तर सांधे पाहावेत. चाकांतील प्लॅस्टिकच्या बुशऐवजी बॉल बेअरिंग घालणे ही स्वस्त आणि गुणकारी सुधारणा. मग शॉक अॅब्सॉर्बरमधील तेल. पातळ तेलाने गाडी उड्या मारत राहते, फार घट्ट तेलाने खड्ड्यांवर चाके जमीन सोडतात. पिनियन आणि स्पर गिअर यांच्यामध्ये कागदाची पट्टी धरून मोटार घट्ट करावी आणि पट्टी काढावी. दात्यांमध्ये योग्य फट राहते. त्यानंतर मोटार, आणि बॅटरी बदलायची असेल तर तिच्याचसाठी बनवलेला बॅलन्स चार्जर त्याच दिवशी. गाडीतील वेगनियंत्रकावर लायपोची नोंद निवडावी, म्हणजे सेल 3 व्होल्टच्या खाली जाण्याआधी तो गाडी थांबवतो.

घरातील नियम थोडेच आहेत. चार्जिंग फरशीवर, पडद्यांपासून दूर आणि मोठ्या माणसाच्या नजरेसमोर. फेरीनंतर बॅटरी निवल्याशिवाय चार्ज करू नये. फुगलेली किंवा टोचली गेलेली बॅटरी पुन्हा वापरू नये. बरेच दिवस ठेवायची असल्यास प्रत्येक सेल सुमारे 3.8 व्होल्टवर ठेवावा. आपल्या नागपुरात उन्हाळ्यात पारा 45 अंश ओलांडतो. तेव्हा बंद मोटारीत ना बॅटरी ठेवावी, ना मुलाला. मैदान गाठायचे ते सकाळी लवकर, सोबत पाण्याची बाटली घेऊन. रिमोट आधी सुरू करावा, मग गाडी. बंद करताना उलट. हा क्रम चुकला तर दीड किलोची गाडी सैरावैरा धावू शकते आणि वाटेत एखादे लहान मूल असू शकते.

तरीही बॅटरी पेटलीच तर ती हाताने उचलू नये. शक्य असल्यास भिंतीवरचे बटण बंद करून सर्वांनी बाहेर पडावे, दार ओढून घ्यावे आणि 101 वर कळवावे. त्या धुरात हायड्रोजन फ्लुओराइडसारखे दाहक वायू असतात. धूर छातीत गेला असेल, खोकला वा धाप लागली असेल, तर रुग्णालय गाठावे. भाजलेला भाग साध्या वाहत्या पाण्याखाली 20 मिनिटे धरावा. सूज येण्याआधी अंगठी, कडे, घड्याळ काढावे. बर्फ, टूथपेस्ट, हळद, शाई यांपैकी काहीही लावू नये. फोड फोडू नयेत. तळहात, चेहरा वा सांधा भाजला असेल तर जखम लहान असली तरी डॉक्टरांना दाखवावी. या मुलालाही पाण्याखाली हात धरून झाल्यावर स्वच्छ पट्टी बांधून मी शल्यविशारदाकडे पाठवले.

वडिलांना मात्र एवढेच म्हटले, "गाडी भंगारात घालू नका. मुलगा दोन महिने संध्याकाळी मोबाइल सोडून स्क्रू ड्रायव्हर हातात धरतो आहे. त्याच्या शेजारी बसणारे कोणी नव्हते, चूक तिथे झाली."

तीन आठवड्यांनी ते दोघे हात दाखवायला आले. कातडी नवी, गुलाबी होती. बोटे पूर्ण मिटत होती. मुलाने दप्तरातून एक वही काढली. तारीख, प्रत्येक सेलचा व्होल्टेज, चार्जिंग सुरू केल्याची आणि संपल्याची वेळ, अशा ओळी नीट आखलेल्या होत्या. निम्म्या ओळी मुलाच्या अक्षरात होत्या, निम्म्या वडिलांच्या.