लॅम्ब्डाचा आकडा आणि जनाबाईचा पाठ

पिंगळीत बसून मूलकणांवर लिहावे, हे वाचकांना चमत्कारिक वाटेल. आम्ही साहित्याचे शिक्षक. आमचा व्यवहार पोथ्यांशी आणि गाथांशी. पण २०१९ साली बीजिंगच्या प्रयोगशाळेतून आलेल्या एका आकड्याने आम्हाला आमच्याच विषयातील एक जुनी सवय दाखवून दिली, म्हणून हे धाडस.

इलेक्ट्रॉन आणि त्याचा प्रतिकण पॉझिट्रॉन यांची नेमक्या ऊर्जेला टक्कर घडवली, तर दोघे नाहीसे होऊन कधी कधी ‘जे-साय’ हा कण जन्मतो. चार्म क्वार्क आणि त्याचाच प्रतिक्वार्क यांची ही जोडी, म्हणजे चार्मोनियम. १९७४ साली अमेरिकेतील दोन गटांना तो स्वतंत्रपणे सापडला. एकाने ‘जे’ म्हटले, दुसऱ्याने ‘साय’, आणि जोडनावच टिकले. हा कण जन्मताच फुटतो. हजारांत सुमारे दोनदा त्यातून लॅम्ब्डा हा बेरिऑन आणि त्याचा प्रतिकण बाहेर पडतात. पुढे लॅम्ब्डाही फुटतो, तेव्हा निघणारा प्रोटॉन लॅम्ब्डाच्या परिवलनाच्या दिशेकडे किती कलतो, हे एक अंक सांगतो.

१९७० च्या दशकापासून हा अंक ०.६४२ असा कोष्टकांत छापला जात होता. ‘बेस-३’ प्रयोगाने १३१ कोटी जे-साय कणांच्या नोंदी चाळून तो ०.७५० काढला. फरक सुमारे सतरा टक्क्यांचा! त्याच वर्षी निराळ्या प्रयोगाच्या नोंदींवरून ०.७२१ हे उत्तर आले; म्हणजे शेवटचा शब्द अजून उच्चारला गेला नसेल, पण जुना अंक टिकला नाही. त्याच्यावर विसंबलेल्या अनेक मोजमापांना हात लावावा लागला.

जुने संशोधक निष्काळजी नव्हते. त्यांनी ०.०१३ इतकी संभाव्य चूकही शेजारी छापली होती. प्रत्यक्ष अंतर तिच्या आठपट निघाले. बीजिंगमध्ये कण आणि प्रतिकण एकाच जन्माचे, एकमेकांशी बांधलेले. एकाची साक्ष दुसऱ्याशी ताडून पाहता आली, हे नव्या मोजणीचे बळ.

आता आमची कबुली. गंगाखेडची जनाबाई आमच्याच जिल्ह्याची. तिचे अभंग बव्हंशी नामदेवांच्या गाथेच्या आश्रयाने आणि लोकांच्या ओठांवरून आपल्यापर्यंत आले. त्यांतील एका अभंगाचा क्रमिक पुस्तकातील पाठ आम्ही वर्षानुवर्षे शिकवला, एका शब्दावर विवेचनाचा इमला उभारला. दुसरी गाथा उघडली तेव्हा तो शब्दच निराळा निघाला. आमच्या आकड्याशेजारी तर संभाव्य चुकीचा रकानाही नव्हता.

कविता म्हणजे अंक नव्हे, मौखिक परंपरेत ‘एकच खरा पाठ’ नसतो, हा आक्षेप आम्हाला मान्य आहे. पण म्हणूनच आपण कोणत्या पाठावर उभे आहोत, हे सांगण्याची जबाबदारी वाढते. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, त्या परंपरेचे आपण वारस. तेव्हा आमचे म्हणणे एवढेच: संतकाव्यावरील प्रत्येक प्रबंधात आधारभूत गाथेची आवृत्ती आणि निदान एका दुसऱ्या गाथेतील पाठभेद नोंदवणे सक्तीचे व्हावे. सुरुवात आम्ही आमच्याच जुन्या टिपणांपासून केली आहे.