परवलीचा शब्द आमच्याही हाती द्या

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नियमित देखभाल थांबविली. विंडोज ११ बऱ्याच जुन्या यंत्रांवर चालत नाही. म्हणून सातारा-सांगलीकडील महाविद्यालयांनी धडधाकट संगणक मोडीत काढावयाचे काय? मुळीच नाही! त्यांवर डेबियन बसवावे. ही लिनक्स प्रणाली १९९३ पासून जगभरचे स्वयंसेवक सांभाळीत आले आहेत. आपल्या सी-डॅकची 'बॉस' प्रणालीही तिच्यावरच उभारलेली आहे.

परंतु माझा आग्रह निराळाच आहे. हे काम बाहेरच्या कारागिराला न देता विद्यार्थ्यांना द्यावे. 'ॲप्ट अपडेट' ही आज्ञा केवळ ताजी यादी आणते, तिच्यावरील सही तपासते. प्रत्यक्ष बदल करते ती 'ॲप्ट अपग्रेड'. सांगलीच्या हळद-बाजारात आधी भाव, मग खरेदी, तसेच हे!

कला शाखेला हे कशाला, असे विचारणारे आहेतच. अहो, यंत्राने दिलेला संदेश नीट वाचणे हेच यातले अर्धे कौशल्य, आणि वाचणे तर आमचेच क्षेत्र!

प्रणाली बिघडेल ही भीती खोटी नाही. तेव्हा कामाच्या फाइलींची प्रत आधी काढून ठेवा, आणि प्रयोगशाळेतली दोनच यंत्रे आमच्या स्वाधीन करा. मात्र व्यवस्थापकाच्या परवलीच्या शब्दासकट.