गोदामातले घर, कागदावरचे गोदाम

दिल्ली आणि तिच्या परिसरातील मालमत्तांच्या जाहिरातींत 'वेअरहाऊस लॉफ्ट' हा शब्द अधूनमधून भेटतो. उंच छत, गिलावा न केलेल्या विटांच्या भिंती, लोखंडी कैच्या, मधोमध उभारलेला माळा आणि त्यावर शयनगृह, असे त्याचे वर्णन असते. मराठी माणसाला माळा काही नवा नाही. गिरगाव-लालबागच्या चाळींत पोटमाळ्यावर अभ्यास करून कित्येक पिढ्या मोठ्या झाल्या. मात्र तेथे माळा ही जागेच्या टंचाईची खूण होती. येथे ती ऐसपैसपणाची खूण मानली जाते आणि तिच्यासाठी वाढीव दर मोजावा लागतो. हौस म्हणून यात गैर काही नाही. प्रश्न एवढाच की, हा दर मोजणाऱ्याच्या हाती नेमके काय येते?

उद्योगाच्या जागी घरे उभी राहणे हे दिल्लीला अपरिचित नाही. सन १८८९ मध्ये स्थापन झालेली दिल्ली क्लॉथ मिल्स ज्या बारा हिंदुराव भागात होती, त्या नावापाशी मराठी वाचकाने क्षणभर थांबावे. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांचे बंधू हिंदुराव घाटगे यांचे ते नाव. दिल्लीतील मोठे महापालिका रुग्णालयही त्यांच्याच नावाने ओळखले जाते. पुढे गिरणीच्या जमिनीवर निवासी संकुले आली. दि. ८ जुलै १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने १६८ घातक उद्योग दिल्लीतून हलविण्याचा आदेश दिला, आणि रिकाम्या होणाऱ्या जमिनींचे काय करावे हेही त्यात ठरवून दिले. अशा बदलाबद्दल मतभेद असू शकतात, विशेषतः कामगारांच्या वाट्याला काय आले याबद्दल; परंतु तेथे जमिनीचा वापर बदलल्याची नोंद तरी झाली.

जुन्या गोदामाचा लॉफ्ट होताना पुष्कळदा तेवढेही घडत नाही. शाहपूर जाट, हौज खास, लाडो सराय ही एके काळची खेडी आज महानगराच्या पोटात आहेत. महसुली नकाशावर गावठाणाभोवती तांबड्या शाईने ओढलेली रेघ म्हणजे 'लाल डोरा'. हा शब्द सन १९०८ पासून वापरात आहे. रेघेच्या आतली जमीन वस्तीची, म्हणून तिच्यावर शेतसारा नाही. आणि सारा नाही म्हणून घरागणिक स्वतंत्र नोंदही नाही. सन १९६३ मध्ये या गावठाणांना बांधकाम नकाशा मंजूर करून घेण्यातून सूट मिळाली. शेतकऱ्याला गोठा आणि बळद बांधण्यासाठी दिलेली ही सवलत होती. तिच्याच आधारे पुढे दुकाने, कारखाने, कपड्यांची दालने आणि कॅफे उभे राहिले. छतरपूरच्या धान मिल आवारातही धान्याच्या जागी आर्ट गॅलऱ्या आणि फॅशनची दुकाने आली आहेत. वस्तीचा चेहरा बदलला, भाडी वाढली, जुना गोणीवाला आणि हमाल शहराच्या कडेला गेला. कागद मात्र जागच्या जागी राहिले.

अशा मालमत्तेची फाईल कर्जासाठी शाखेत येते, तेव्हा तीत अनेकदा नोंदणीकृत खरेदीखत नसतेच. त्याऐवजी कुलमुखत्यारपत्र, साठेखत आणि मृत्युपत्र असा तिहेरी संच असतो. दिल्लीत वर्षानुवर्षे या तीन कागदांवर घरे विकली गेली. दि. ११ ऑक्टोबर २०११ रोजी 'सूरज लॅम्प' प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, अशा कागदांनी स्थावर मालमत्तेची मालकी हस्तांतरित होत नाही. मुखत्यारपत्र देणारा निवर्तला की सर्वसाधारणपणे ते संपुष्टात येते. मृत्युपत्र तर त्याच्या हयातीत केव्हाही बदलता येते. पॅनेलवरील वकील नकारात्मक शेरा मारतो तो या कारणाने, आणि मग ग्राहकाची समजूत अशी होते की बँक जुन्या विचारांची आहे, तिला वास्तूतले सौंदर्य कळत नाही.

सौंदर्याचा भाग सोडून आकडे पाहावेत. समजा, लॉफ्टची किंमत रु. २ कोटी आहे. मालमत्ता निर्वेध असती, तर ७५ लाखांवरील गृहकर्जाच्या नियमानुसार बँक जास्तीत जास्त ७५ टक्के, म्हणजे रु. १ कोटी ५० लाख देऊ शकली असती. ग्राहकाला ५० लाख स्वतःचे घालावे लागले असते, शिवाय मुद्रांक व नोंदणीचा खर्च. कर्ज नाकारले गेले की पूर्ण २ कोटींचा भार त्याच्यावर येतो. मग नोकरीनिमित्त गुरुग्रामला स्थिरावलेला साताऱ्याचा मुलगा काय करतो? गावचे वडिलोपार्जित घर तारण ठेवतो, भविष्य निर्वाह निधी काढतो, उरलेल्यासाठी चढ्या व्याजाचा खाजगी सावकार गाठतो. निर्धोक मालमत्ता तारण देऊन सदोष मालमत्ता घेण्याचा हा व्यवहार आहे. आणि उद्या विकायची वेळ आली, तर पुढच्या ग्राहकालाही कर्ज मिळणार नाही. म्हणजे रोख मोजणारा ग्राहक मिळेपर्यंत थांबणे आले. जाहिरातीतील दरात ही अडचण क्वचितच धरलेली असते.

"इतकी वर्षे कुणी काही केले नाही," हे विक्रेत्याचे ठरलेले उत्तर. ते पूर्ण खरे नाही. दि. १६ फेब्रुवारी २००६ च्या निकालानंतर निवासी भागांतील हजारो व्यापारी गाळ्यांना सील लागले. त्यानंतर संसदेने विशेष तरतुदींचा कायदा करून कारवाईला तात्पुरता अटकाव केला. या संरक्षणाची मुदत वारंवार वाढत आली असून, डिसेंबर २०२३ मध्ये ती ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत करण्यात आली. त्यातील एक बारकावा गोदामांच्या बाबतीत कळीचा आहे. शेतजमिनीवर बांधलेल्या ज्या गोदामांना हा कायदा आसरा देतो, ती शेतमाल व शेतीसाठी लागणाऱ्या वस्तूंची गोदामे आहेत. तेथे गव्हाच्या गोण्यांऐवजी पलंग आला, तर तो आसरा कशाच्या आधारावर मागायचा?

वापरातील बदल हा केवळ कागदी दोष नव्हे. बारा हिंदुरावपासून जवळच, राणी झाशी मार्गावरील अनाज मंडीत ८ डिसेंबर २०१९ च्या पहाटे एका इमारतीला आग लागली आणि ४३ माणसे दगावली. तेथे लहान कारखाने चालत आणि कामगार त्याच जागी झोपत. मालाच्या जागेत राहणारे हेही दिल्लीकरच. फक्त त्यांच्या निवासाला 'लॉफ्ट' हे नाव नव्हते. झोपलेल्या माणसासाठी जिना किती रुंद हवा, दुसरी वाट कोठून हवी, याचा विचार गोदाम बांधणाऱ्याने केलेला नसतो. भिंतींना उंची रंग दिल्याने ती वाट निर्माण होत नाही.

म्हणून बँकांनी अशा मालमत्तांवर सढळ हाताने कर्ज द्यावे, ही मागणी मान्य होण्यासारखी नाही. त्याच वेळी दर तीन वर्षांनी मुदत वाढवून प्रश्न लांबणीवर टाकणेही योग्य म्हणता येणार नाही. न्यूयॉर्कमध्ये ओस पडलेल्या कारखान्यांच्या मजल्यांवर कलावंत बेकायदा राहू लागले, तेव्हा तेथील राज्याने सन १९८२ मध्ये लॉफ्टसाठी स्वतंत्र कायदा केला. (मुंबईत गिरणी संप सुरू झाला तेच हे वर्ष!) त्यात मालकाने इमारत अग्निसुरक्षेच्या निकषांस उतरवायची आणि राहणाऱ्याला हक्काचे संरक्षण मिळायचे, अशी सांगड होती. दिल्लीतही वापर बदलण्याचे शुल्क घेऊन, अग्निशमन व संरचनेची तपासणी करून, घरागणिक मालकीची नोंद देणारी पद्धत आणता येईल. ज्या वास्तू निकषांत बसतील, त्यांना बँकांची दारे आपोआप उघडतील. ज्या बसणार नाहीत, त्यांचा खरा भाव बाजारालाही कळेल.

तोवर लॉफ्ट पसंत पडलेल्या ग्राहकाने इसार देण्यापूर्वी मालकीहक्काची साखळी, जमिनीचा नोंदलेला वापर आणि माळ्यासह मंजूर झालेला नकाशा मागावा. रेरावर विसंबून राहू नये; ५०० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरील किंवा आठपर्यंत सदनिकांच्या प्रकल्पाला तेथे नोंदणीची सक्ती नाही. मालमत्ता आधीच कोणाकडे गहाण आहे काय, हे सेरसाईच्या नोंदवहीत अल्प शुल्क भरून पाहता येते. आणि कर्जाचा अर्ज इसारानंतर नव्हे, आधी करावा; वकिलाचा शेरा तेव्हा हाती आला, तर गावचे घर तारण ठेवण्याची वेळच येत नाही.