धुये उनं का?

हिथ्रो ते मुंबई : अंदाजे ७,२०० किलोमीटर, नऊ तास. मुंबई ते शहादा : जेमतेम सव्वाचारशे किलोमीटर, नऊ तास. प्रिंटिंग मिस्टेक नाही, बॉस! विमान ताशी आठ-नऊशेनं उडतं आणि आमची टॅक्सी कसारा घाट, नाशिक, धुळे, दोंडाईचा करत पन्नासनं रांगते. नंदुरबार १९९८मध्ये जिल्हा झाला खरा, पण प्रवासी विमानासाठी सुरत गाठायचं तर ते दुसऱ्या राज्यात. आणि लंडनहून तिथे थेट विमान नाही.

हे गणित मांडायची वेळ आली ती आजीमुळे. डॉक्टर म्हणाले, बोलवायचं त्यांना बोलवून घ्या. मी पुण्याहून आदल्या दिवशीच पोचलो होतो. लंडनच्या दादाला सकाळची फ्लाइट मिळाली. मग काय, मोबाइलवर ते पिवळं विमान उघडून मी आजीच्या उशाशी बसलो.

"कोठे उना तो?" आजीनं विचारलं.

"काळ्या समुद्रावर आहे."

आजीनं डोळे मिटले. पुन्हा तासाभरानं तोच प्रश्न. मी कॅस्पियन म्हटलं, नंतर अरबी समुद्र म्हटलं. तिच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. एवढे समुद्र ओलांडून येणारा माणूस तिच्या दृष्टीनं अजून कुठेच नव्हता. मध्यरात्री मुंबईत उतरला म्हणून मी जवळजवळ ओरडलोच, तर ती म्हणाली, "मुंबई तं लांब शे."

पटलं. इमिग्रेशन, सामान, टॅक्सी यातच दीड तास गेला. नाशिकला पहाटे पाच. पावणेआठला दादाचा फोन आला, धुळं सोडलं म्हणून.

"धुये उनं का?" आजी एकदम उठायला बघू लागली. "मंग उनाच तो. चहा ठेवा."

अजून तब्बल दोन तास होते, पण घरात धावपळ सुरू झाली. सारंगखेड्याचा तापीवरचा पूल ओलांडल्याचा फोन आला तेव्हा तिनं केस विंचरून घेतले. दहाला दादा दारात. सुटकेस बाहेरच टाकून तो आत पळाला. आजीनं त्याचा हात धरला तो दुपारपर्यंत सोडला नाही.

पाच दिवस राहिला. सुट्टी तेवढीच मिळाली होती. परत जाताना विमानाला तासभर जास्त लागला. वर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो. येताना तो विमानाला ढकलतो, जाताना अडवतो. दादाच्या विमानाकडे मी मोबाइलवर पुन्हा बघत होतो आणि आजी विचारत होती, कुठवर गेला. मी म्हटलं, "धुळ्यालाच आहे अजून."

त्यानंतर सहाव्या दिवशी आजी गेली. दादाला फोन मीच केला. त्यानं आधी तिकिटं बघतो म्हटलं, मग बराच वेळ काही बोललाच नाही.