ध्वनी म्हणजे फक्त गाणं नव्हे

‘ध्वनीवर काय वाचू?’ असं कुणी विचारलं की आपल्याकडे दोन याद्या पुढे येतात. पहिली इंग्रजीतली. तिच्यात कॅनडाच्या मरी शेफरचं ‘द ट्युनिंग ऑफ द वर्ल्ड’ (१९७७) असतं, फ्रेंच मिशेल शिओंचं ‘ऑडिओ-व्हिजन’ असतं. शेफर गाव, रस्ता, कारखाना कान देऊन ऐकायला शिकवतो. आवाज बदलला की पडद्यावरचं तेच चित्र आपल्याला वेगळं दिसतं, हे शिओं दाखवतो. दोन्ही जरूर वाचा.

माझं भांडण दुसऱ्या, मराठी यादीशी आहे. तिच्यात गवयांची चरित्रं, घराण्यांचे इतिहास, रागांची ओळख. सुरात असेल तेवढंच ऐकण्याजोगं, बाकी सगळा गोंगाट, ही सोवळी समजूत त्या यादीमागे आहे.

मी सिन्नरला राहतो. इथल्या औद्योगिक वसाहतीत लेथवरचा कामगार नुसत्या आवाजावरून टूल बोथट झालंय हे ओळखतो. हाही तयार कानच. पण त्याला घराणं नाही, म्हणून त्याच्यावर पुस्तक नाही. त्या कानाला रोजचा आवाज किती सोसवेल, हेही त्याला त्याच्या भाषेत कुणी नीट सांगत नाही. २००० सालच्या नियमांनी दिवसाची मर्यादा निवासी भागात ५५ आणि औद्योगिक भागात ७५ डेसिबल ठरवली. फरक वीसचाच वाटतो. प्रत्यक्षात तो तीव्रतेत शंभरपट आहे. एवढं कळलं, तर मिरवणुकीतल्या भिंतींवरचा आपला वादही जरा शहाणा होईल.

गंमत म्हणजे, सिन्नरहून राज्य करून पुढे देवगिरीला गेलेल्या यादवांच्याच दरबारी तेराव्या शतकात शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. रागांकडे वळण्याआधी तो माणसाचा देह आणि त्यात उपजणारा नाद यांविषयी बोलतो. आपण राग ठेवले, देह सोडून दिला.

‘तंत्राचं मराठीत कोण वाचणार?’ हा ठरलेला आक्षेप. ऑस्करविजेते ध्वनिसंयोजक रसूल पूकुट्टी यांचं आत्मकथन आधी मल्याळममध्ये आलं, इंग्रजीत नंतर. मल्याळम वाचकाला जे चालतं ते आपल्यालाच जड का जावं? सळसळ, खळखळ, रिपरिप, करकर असे आवाज नेमके वेगळे करणारी भाषा हाताशी असताना ध्वनीवर लिहायला शब्द नाहीत, ही सबब टिकत नाही.

आणि आपली पाटी कोरीही नाही. ‘कुंकू’ (१९३७) या चित्रपटात पार्श्वसंगीताऐवजी भोवतालचे आवाजच वापरले. त्याचे संगीतकार केशवराव भोळे यांचं ‘माझे संगीत : रचना आणि दिग्दर्शन’ वाचा. अशोक दा. रानडे यांचं ‘भाषणरंग’ वाचा. गाण्याचा हा जाणकार तिथे बोलण्याकडे कान लावतो. ही पुस्तकं ग्रंथालयात ‘संगीत’ आणि ‘नाटक’ अशा वेगवेगळ्या कपाटांत पडून राहतात. ती एका फळीवर आणा, तिला ‘ध्वनी’ असं नाव द्या.

उरलेली जागा भरायचं काम मराठी सिनेमातल्या ध्वनिमुद्रकांचं आहे. बूम धरून, हेडफोन लावून तुम्ही वर्षानुवर्षं जे ऐकलंत, ते मुलाखतींच्या दोन ओळींत संपवू नका. पुस्तक लिहा, आणि मराठीत लिहा.